श्वासाचा रकाना

कॅज्युअल्टीतल्या केसपेपरवर नाडी, बीपी, ताप, ऑक्सिजन आणि श्वास असे पाच रकाने असतात. पहिले चार यंत्रं भरून देतात. बोटाला चिमटा लावला, दंडाला पट्टा गुंडाळला, बगलेत थर्मामीटर दिला की आकडे समोर येतात. पाचवा रकाना माणसालाच भरावा लागतो. त्यासाठी पेशंटच्या उशाशी एक मिनिटभर उभं राहायचं, छातीकडे बघायचं, मनात मोजायचं आणि मध्ये कुणाला उत्तर द्यायचं नाही. रात्री अकरा वाजता, दोन ट्रॉल्या दारात आणि तिसऱ्या पेशंटचे नातेवाईक टेबलाभोवती असताना, हे मिनिट काढणं फार अवघड असतं. त्यामुळे तिथे अनेकदा न मोजताच अठरा किंवा वीस लिहिलं जातं. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जगभरच्या परिचारिका आणि डॉक्टर या दुर्लक्षाबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आलेत.

मी सोलापुरात कॅज्युअल्टीत काम करते. नव्या मुली ड्युटीवर येतात, तेव्हा त्यांना आधी सुई कशी लावायची, ईसीजीच्या तारा कुठे चिकटवायच्या हे शिकायचं असतं, आणि ते शिकायलाच हवं. पण मला त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट द्यावीशी वाटते: श्वास मोजायची सवय. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, पूर्ण मिनिट मोजा.

धडधाकट मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ असताना मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. आत काही बिघडलं, म्हणजे रक्त गेलं, जंतुसंसर्ग अंगभर पसरला, रक्तात आम्ल साठलं किंवा फुप्फुसात पाणी भरलं, तर श्वास बहुतेक वेळा सुरुवातीलाच वाढतो. बीपी मात्र शेवटपर्यंत दम धरतं. तरुण माणसाचं ३० टक्क्यांच्या आसपास रक्त वाहून गेलं तरी वरचं बीपी नॉर्मल दिसू शकतं, कारण शरीर नाडी वाढवतं, हातापायांचा पुरवठा आखडतं आणि मेंदू-हृदय सांभाळून घेतं. ते बीपी एकदा कोसळलं की हातात फार वेळ उरत नाही.

गळीत हंगामात हे आम्ही वारंवार बघतो. उसाच्या ट्रेलरला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि मोहोळ किंवा मंद्रूपकडून येणारी मोटरसायकल अंधारात त्यावर जाऊन आदळते. दोघं येतात. एक विव्हळत असतो, पायाचं हाड बाहेर आलेलं असतं, सगळे त्याच्याभोवती जमतात. दुसरा भिंतीला टेकून म्हणतो, ‘‘मला काय झालं नाही सिस्टर, त्याच्याकडं बघा.’’ त्याचं बीपी ११६-७८. पण तळपाय गार, नख दाबून सोडलं तर लाली परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतोय, आणि श्वास २८. अशा पोराला मी भिंतीशी उभं राहू देत नाही. तो ट्रॉलीवर जातो, दोन्ही हातांत जाड सुया लागतात, रक्तगटाची बाटली जाते, आणि सर्जनना फोन करताना मी बीपी सांगायच्या आधी श्वास सांगते. प्लीहा फाटलेली असेल तर त्याचा पुरावा सोनोग्राफीत मिळेल, पण श्वासाने ती शंका आधीच आणून दिलेली असते.

श्वास मोजायची एक रीत आहे. ‘‘तुमचा श्वास मोजते’’ असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घेऊ लागतो. म्हणून मनगट हातात धरायचं, नाडी बघतोय असं वाटू द्यायचं आणि नजर छातीवर ठेवायची. नऊवारीतल्या आजीची छाती पदराखाली दिसत नाही, तिथे पदराची कड किंवा खांद्याची हालचाल बघायची. फार हळू श्वास असेल तर पोटावर हलका हात ठेवायचा. नुसता आकडाही पुरत नाही. मान ताणली जातेय का, नाकपुड्या फुलताहेत का, बोलताना वाक्य पुरं होतंय की दोन शब्दांवर तुटतंय, दोन्ही बाजू सारख्या हलताहेत का, हे त्याच मिनिटात दिसतं. ते एक मिनिट म्हणजे तपासणीच असते. कोविडनंतर घरोघरी बोटाचं ऑक्सिजन मशीन आलं आणि लोक त्या आकड्यावर जीव टाकायला लागले. मशीन उपयोगाचंच आहे. पण बोट गार पडलं असेल, नखाला गडद पॉलिश असेल, गडद मेंदी असेल तर ते चुकू शकतं. आणि ते बरोबर असलं तरी ९८ हा आकडा किती कष्टाने टिकवलाय हे ते सांगत नाही.

एकदा संध्याकाळी एक चोविशीतला मुलगा वडिलांबरोबर आला. अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात टॉवेलच्या मागावर कामाला. तक्रार पोटदुखीची आणि उलट्यांची. बाहेरचं खाल्लं असेल, गॅस झाला असेल, एक इंजेक्शन द्या, आम्ही जातो, असं वडील म्हणत होते. बीपी ठीक, ऑक्सिजन ९९, ताप नाही. यादीत तो बराच मागे बसला असता. पण बाकावर बसल्या बसल्या तो खोल, जोरात, न थांबता श्वास घेत होता, जिना चढून आलेल्या माणसासारखा. फक्त दहा मिनिटं झाली तरी जिना संपत नव्हता. मी मोजले, ३४. जवळ गेल्यावर तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास. बोट टोचून शुगर बघितली तर मशीनवर आकडाच आला नाही, ‘हाय’ अशी अक्षरं आली, म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्याही वर. त्याला डायबेटिस आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ‘‘गेल्या महिन्यात किती वजन कमी झालं?’’ असं विचारल्यावर वडील एकदम गप्प झाले. पँटचा पट्टा नवीन भोक पाडून आवळलेला होता.

इन्सुलिन नसल्यामुळे शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून आम्ल साठतं, आणि ते आम्ल बाहेर टाकायला फुप्फुसं अशी राबतात. म्हणून ऑक्सिजन ९९ आणि श्वास ३४. आमच्याकडे त्या रात्री सलाईनच्या बाटल्या, दर तासाला शुगर, पोटॅशियमचा रिपोर्ट आल्यावरच इन्सुलिन, असा सगळा क्रम चालला. पहाटेपर्यंत श्वास २२ वर उतरला. वडिलांना मी प्रत्येक वेळी आकडा सांगत होते. त्यांना शुगर कळत नव्हती, पण ३४ वरून ३०, ३० वरून २६ हे त्यांना बरोबर कळत होतं.

लहान मुलांत तर हा आकडा सगळ्यात आधी बघायचा. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या मर्यादा आशाताईंनाही पाठ असतात: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर श्वास वेगाचा धरायचा. खोकला आहे, आणि श्वास वेगाचा आहे किंवा बरगड्यांखालची जागा आत ओढली जातेय, म्हणजे न्यूमोनियाचा धोका. आया त्याला ‘पोट उडतंय’ म्हणतात, आणि त्या बहुतेक वेळा बरोबर असतात. बाळ रडत असताना मोजू नये. आईच्या मांडीवरच राहू द्यावं, कुंची सोडावी, अंगावरचा झबला वर करावा आणि मोजावं. बाळ आईपासून ओढून टेबलावर ठेवलं की रडतं आणि मोजलेला आकडा फुकट जातो.

नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन लॅरे याने जखमींना हुद्द्याप्रमाणे न बघता जखमेच्या गांभीर्याप्रमाणे आधी-नंतर बघायची रीत घातली असं मानलं जातं. त्याच रीतीचं आजचं रूप म्हणजे आमच्या दारातली लाल, पिवळी, हिरवी विभागणी. दारात नर्स उभी असते आणि ट्रॉली आत येईपर्यंत तिची नजर एका क्रमाने फिरते. श्वासमार्ग मोकळा आहे का. श्वास कसा आहे. रक्त वाहतंय का, नाडी लागते का. शुद्ध कशी आहे, डोळे हाकेला उघडतो की चिमट्याला. मग कपडे सैल करून सगळं अंग बघणं, पाठसुद्धा. बेशुद्ध माणूस आला की शुगर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, तो कितीही दारूचा वास मारत असला तरी. हा क्रम पाठ करायला सोपा आहे. तो गर्दीत न मोडणं अवघड आहे, कारण रक्ताकडे आणि ओरडण्याकडे लक्ष आपोआप जातं.

ओरडणाऱ्याचा श्वासमार्ग बहुतेक मोकळा असतो. मला धास्ती गप्प बसलेल्या माणसाची वाटते.

पूर्व भागातली एक विडी कामगार बाई आली होती. तेलुगू बोलणारी, पन्नाशीच्या पुढची, सोबत सून. सून म्हणाली, पित्त झालंय, सकाळपासून मळमळतंय. त्याच वेळी बोट कापलेला एक माणूस रुमाल गुंडाळून उभा होता, रुमालातून रक्त टपकत होतं, आणि त्याचा भाऊ आवाज चढवत होता. बाई एक शब्द बोलत नव्हती. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसांत. मी मला येतं तेवढ्या तेलुगूत विचारलं, ‘‘एक्कड नोप्पि?’’, कुठे दुखतंय? तिने छातीला हातच लावला नाही, जबड्याखाली लावला. बायकांना आणि डायबेटिसवाल्यांना हार्ट अटॅक असाही येतो, छातीत न दुखता, नुसती मळमळ, घाम, थकवा, जबड्यात किंवा पाठीत कळ. दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे असा नियम आहे. तो निघाला, आणि बाई लाल बाजूला गेली.

भाऊ चिडला. आम्ही आधी आलो, आमचं रक्त वाहतंय, आणि ही नुसती बसलीय. मी त्याच्या रुमालावर दाबपट्टी बांधली, हात वर धरायला सांगितला आणि म्हणाले, ‘‘दादा, तुमच्या बोटाला अर्धा तास थांबता येतं. त्या आईंच्या हृदयाला येत नाही.’’ तो बाजूला झाला. आमच्याकडे भांडणं होतात, कधी हात उगारले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझं स्पष्ट मत आहे की त्यातली बरीच ‘थांबा’ या एका शब्दामुळे होतात. का थांबायचं आणि साधारण किती, हे एका वाक्यात सांगितलं तर माणसं थांबतात. ते वाक्य बोलायला मात्र माणूस मोकळा असावा लागतो, आणि रात्रपाळीला पेशंटच्या मानाने आम्ही फार थोड्या असतो. ज्यांच्या हातात जागा भरणं आहे त्यांनी हे मनावर घ्यावं, इतकंच म्हणते.

हिरव्या बाजूला बसवलेला माणूस हिरवाच राहील असंही नाही. तासाभराने पुन्हा फेरी मारावी लागते. पुन्हा मनगट, पुन्हा मिनिट. पहिल्या आकड्यापेक्षा दुसरा आकडा जास्त बोलतो, कारण तो दिशा सांगतो.

हे मला एका पहाटे फार जवळून दिसलं. पावसाळ्याचे दिवस, अक्कलकोट तालुक्यातलं शेतवस्तीवरचं कुटुंब, आठवी-नववीतला मुलगा. रात्री सगळे जमिनीवर झोपलेले. पहाटे तो पोट दुखतंय म्हणून उठला, मग घसा आवळतोय म्हणाला. साप कुणी बघितला नव्हता, अंगावर दाताची खूण दिसत नव्हती, सूज नव्हती. आईला वाटलं, शिळं खाल्लं. मी त्याला वर बघायला सांगितलं, तर पापण्या अर्ध्यावरच अडकल्या. जमिनीवर झोपलेलं माणूस, पहाटेची पोटदुखी, जड पापण्या. मण्यार. तिचा दंश दुखत नाही, दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही, पण विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं. आधी पापण्या जातात, मग गिळणं, मग श्वास.

अशा पेशंटला आम्ही एक साधं काम देतो. खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका दमात जमतील तितके आकडे मोजायचे. त्याला मराठी येत होतं, पण घाबरल्यावर तो घरच्या भाषेत, कन्नडमध्ये गेला: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. पहिल्यांदा २२ पर्यंत पोचला. प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाईनमध्ये सुरू झाल्या. त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून अ‍ॅड्रिनलिन आधीच भरून ठेवलं होतं. वीस मिनिटांनी पुन्हा मोजायला लावलं, १५. पुढच्या वेळी ९, आणि आवाज नाकातून. ऑक्सिजन अजूनही ९७ दाखवत होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी ९७ सांगितलं नाही, २२, १५, ९ सांगितलं. ते जिन्याने धावत आले. नळी घातली तेव्हा तो स्वतःहून जेमतेम श्वास घेत होता. व्हेंटिलेटर मोकळा होईपर्यंत आम्ही आळीपाळीने अँब्यू बॅग, म्हणजे फुप्फुसात हवा भरायची हातातली पिशवी, दाबली, दर पाच-सहा सेकंदांनी एकदा. घाईत हात भरभर चालतो, तो मुद्दाम आवरावा लागतो.

इथे एक गोष्ट प्रत्येक नर्सने ध्यानात ठेवावी असं मला वाटतं. मण्यारीच्या विषाने माणूस हलत नाही, डोळे उघडत नाही, बाहुल्यासुद्धा उजेडाला आखडत नाहीत, आणि तरी तो शुद्धीत असू शकतो. त्याला ऐकू येतं. त्याच्या उशाशी उभं राहून ‘गेला वाटतं’ म्हणायचं नसतं. त्याला गुंगीचं औषध सुरू होतं, तरीही आम्ही प्रत्येक गोष्ट सांगून करत होतो. आमच्या वॉर्डातल्या मावशी मूळच्या तिकडच्याच. तोंडातली लाळ ओढताना, कूस बदलताना त्या त्याच्या कानाशी कन्नडमध्ये बोलायच्या, आई बाहेर बसलीय, हेदरब्याड, घाबरू नको. प्रतिविष दिलं म्हणून मण्यारीचा लकवा लगेच उतरत नाही. दिवस लागतात, तेवढे दिवस त्याच्यासाठी श्वास घ्यावा लागतो, आणि मग बहुतेक वेळा स्नायू परत येतात. तो मुलगा चालत घरी गेला. मावशींचा आवाज त्याने ओळखला.

औषध प्यायलेले पेशंटही इथे नेहमीचे. द्राक्षं, डाळिंब, भाजीपाला, सगळीकडे फवारणी आणि घरात बाटल्या. बऱ्याच कीटकनाशकांत बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, घाम आणि लाळ थांबत नाही, छातीत घरघर येते. आधी हातमोजे घालून कपडे उतरवायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचं, कारण विष कातडीतूनही जात राहतं. मग अ‍ॅट्रोपिन हा उतारा, काही मिनिटांनी छाती ऐकायची, घरघर असेल तर डोस दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. ही रात्र नर्सची असते. आणि घरचे म्हणत असतात, चुकून प्यायला. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पोलिसांत नोंद होते, ती टळत नाही, पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असं करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याला शिक्षेची भीती घालायची नाही, हे त्यांना समजावून सांगते. पेशंट बोलण्याइतका झाला की नातेवाइकांना चहाला पाठवते आणि एकटीने विचारते. भाजून आलेल्या बाईलाही तसंच. स्टोव्हचा भडका झाला हे वाक्य सासरच्यांसमोर वेगळं असतं आणि पडद्याआड कधी कधी वेगळं. त्याच वेळी मी तिचा आवाज ऐकते. तो घोगरा झाला असेल, नाकातले केस जळलेले असतील, थुंकीत काजळी असेल, तर आतला श्वासमार्ग सुजतोय, आणि बोलायला तिच्याकडे थोडाच वेळ आहे.

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या शेडमधल्या यंत्रमागांशेजारी त्याहून जास्त. बरळणारा, तापलेला, भरभर श्वास घेणारा माणूस आला आणि ताप ४० अंश सेल्सियसच्या वर असेल तर तो उष्माघात. तिथे पॅरासिटामॉल उपयोगाचं नाही. कपडे काढा, अंगावर पाणी मारा, पंखा लावा, मान, काखा, जांघा इथे बर्फ ठेवा, आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

घरच्या माणसांना माझं सांगणं थोडकं आहे. कॅज्युअल्टीत येताना चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत टाकून आणा, नावं आठवत बसू नका. औषध प्यायलं असेल तर बाटली आणा, लेबल फाटलेली असली तरी, कारण काही तणनाशकांत सरसकट ऑक्सिजन लावणंही घातक ठरतं. साप चावला असेल तर दोरी बांधू नका, कापू नका, साप मारून आणायला वेळ घालवू नका, तो अवयव न हलवता निघा आणि १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ सांगा. लकव्यात तिच्यावर पुढचं सगळं ठरतं. आणि दम लागलेला पेशंट असेल तर गेल्या काही रात्री तो झोपला कसा ते जरूर सांगा. आडवा झोपत होता, की दोन-तीन उशा लावून, की खाटेवर पाय सोडून बसूनच रात्र काढत होता. हृदय थकलं की फुप्फुसात पाणी साठतं आणि आडवं झाल्यावर दम वाढतो. हे पेशंट स्वतः सांगत नाही, सून किंवा नातू सांगतो, आणि ते ऐकल्यावर आम्ही त्याला ट्रॉलीवर आडवं न करता बसवून ठेवतो.